चौसष्ट ग्रॅम

१

खोक्यातून वाळू निघाली.

शनिवारची सकाळ, साडेअकराची वेळ. जुन्या खेळण्यांच्या दुकानात, पाच माणसांच्या डोळ्यांदेखत दातांच्या डॉक्टरांनी खोक्याची वरची चिकटपट्टी कापली, झाकण उचललं आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो वाळूची पिशवी घेऊन. मग दुसरी पिशवी, मग तिसरी. तळाशी कुठकुठल्या खेळण्यांचे फुटके, रंग उडालेले ठोकळे. खोकं हलवलं की खुळखुळावं म्हणून टाकलेले.

"हे दीपगृह?" खोक्यावरच्या चित्रावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले. "बहात्तर हजारांचं?"

अशी शांतता पसरली की शोकेसमधली चावीची बाहुली म्हणे अर्ध्या गिरकीत थांबली. पायाखालची वाळू सरकते म्हणतात. इथं वाळू काउंटरवर होती, तरी काटेबाईंचे पाय सरकलेच. कारण त्या खोक्याला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी त्यांच्या हातची होती.

काटेबाईंचं काम जरा जगावेगळं. कंपनीनं एखादा ठोकळ्यांचा संच बनवायचं थांबवलं की त्याचा भाव चढायला लागतो, आणि भाव चढला की लोकांची अक्कल उतरायला लागते. ज्याच्या माळ्यावर असं एक बंद खोकं सापडतं तो सरळ दीड लाख मागतो. का, तर फोनवर कुणीतरी तेवढे मागितलेत! काटेबाई म्हणायच्या, "मागायला काय, मीपण माझ्या गुडघ्यांचे दोन लाख मागेन. गेला कितीला ते बोला." खरोखर विकल्या गेलेल्या संचांच्या किमती त्या वहीत लिहायच्या, त्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची खोडायच्या आणि उरलेल्यांवरून रास्त भाव काढायच्या. मग खोक्याचे कोपरे बघायच्या, चिकटपट्ट्या बघायच्या आणि शेवटी खोकं काट्यावर ठेवून वजन अगदी ग्रॅमसकट चिठ्ठीवर टाकायच्या. म्हणून काटेबाई. त्यांच्या काट्यावर माशी बसली तर ती जेवून आली की उपाशी, तेही कळायचं, असं लोक सांगायचे.

तेरा वर्षांत एक चिठ्ठी चुकली नव्हती.

"शेठ, तुमचा काटा इकडे घ्या," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पिशव्या आणि ठोकळे जसेच्या तसे खोक्यात भरले आणि खोकं दुकानाच्या काट्यावर ठेवलं. लाल आकडे लुकलुकले आणि थांबले. दोन हजार दोनशे दहा.

"आता बाईंच्या चिठ्ठीवर काय आहे, वाचा कुणीतरी."

एका गिऱ्हाइकानं वाचलं. दोन हजार दोनशे दहा.

"ग्रॅमचा फरक नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "म्हणजे बाईंनी वजन केलं तेव्हाही आत वाळूच होती. विकणारीनं वाळू विकली आणि बाईंनी तिला बहात्तर हजारांची चिठ्ठी दिली. डोळे मिटून दिली की डोळे मिचकावून, ते मला माहीत नाही. पाच वाजता मी हे सगळं, संच जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकणार."

त्या ग्रुपवर आठशे माणसं होती. आणि काटेबाईंना एकदम आठवलं, की विकणारीकडे अजून एकोणचाळीस खोकी आहेत, आणि त्या एकोणचाळिसांनाही त्यांचीच चिठ्ठी बांधलेली आहे.

२

"जाऊबाई, आधी पाणी प्या," धाकटी म्हणाली.

धाकटी म्हणजे काटेबाईंची धाकटी जाऊ. दोघी मिळून कामाला जायच्या. काट्याची पिशवी धाकटीच्या खांद्यावर, आणि बोलण्याचा काटाही तिच्याच जिभेवर. खोकं पुसून, साफ करून पुढे करायचं काम तिचं आणि वजन वाचायचं काम काटेबाईंचं.

"मला पाणी नको. मला पाच वाजायला नकोयत."

"ते काय आपल्या हातात आहे? घड्याळाला चिठ्ठी बांधता येत नाही."

डॉक्टर दाराशी उभे होते. गोरेपान, स्वच्छ नखांचे, आवाज असा मऊ की दात उपटून हातात ठेवला तरी माणूस थँक्यू म्हणेल. काटेबाई त्यांच्याजवळ गेल्या.

"डॉक्टर, एक विचारू? बंद खोक्याचे पैसे मोजून खोकं उघडलंत कशाला?"

"बांधायला. दवाखान्यात ठेवणार होतो."

"बांधायचंच होतं तर उघडलेला संच घ्यायचा. सगळे ठोकळे असलेला पंचेचाळीसला मिळतो. तुम्ही सत्तावीस हजार फक्त चिकटपट्टीचे दिलेत. आणि घासाघीससुद्धा केली नाहीत. माझ्या तेरा वर्षांत बिनघासाघिशीचं गिऱ्हाईक मी पहिलंच बघितलं."

"तुमच्या चिठ्ठीवर विश्वास होता, बाई. चूक झाली." डॉक्टर हसले. "घरी खोकं हलवलं तर आवाज वेगळा वाटला. म्हटलं, उघडायचं तर चारचौघांत उघडू."

"घरी वजन केलं होतंत?"

"नेल्या नेल्या. औषधं मोजायचा काटा आहे ना माझ्याकडे. बरोब्बर दोन हजार दोनशे दहा."

"एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे?"

"बरोब्बर."

मग त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "हे बघा, तुमचं नाव खराब व्हावं असं मला वाटत नाही. खोकं दोन रात्री शेठच्या कपाटात होतं. चिठ्ठी खोक्यालाच बांधलेली. आकडा बघून कुणीही तेवढी वाळू भरू शकतो. 'अदलाबदल दुकानात झाली असावी', एवढी एक ओळ लिहून द्या. शेठ मला पैसे परत देतील आणि तुमची चिठ्ठी शाबूत राहील."

काटेबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. कारण ती ओळ लिहायला सोपी होती. आणि कुणास ठाऊक, खरीही असेल.

३

दुकानदाराला सगळे पुसणीशेठ म्हणायचे. हातात कायम फडकं. काउंटर पुसायचे, शोकेस पुसायचे, गिऱ्हाईक जास्त वेळ उभं राहिलं तर त्याचीही बटणं पुसून द्यायचे म्हणतात. आज ते एकच जागा पुसत होते. काट्याच्या डाव्या बाजूची.

"शेठ, खोकं तुमच्याकडे कधी आलं?"

"मंगळवारी संध्याकाळी. मीच जाऊन आणलं ताईंकडून. गुरुवारी सकाळी डॉक्टर घेऊन गेले."

"मधे कुठं होतं?"

"कपाटात. किल्ली माझ्या गळ्यात." बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. फडकं थांबलं. "बाई, आईशप्पथ, मी हात लावला नाही."

"वजन केलंत?"

"नाही."

एवढ्या झटकन 'नाही' आलं की धाकटीनं भुवया वर केल्या. पुसणीशेठ आणि वजन करणार नाहीत? हा माणूस घरी आलेली चिठ्ठीसुद्धा तोलून मग उघडायचा.

धाकटी काउंटरवर वाकली. "शेठ, जरा फडकं बाजूला घ्या बघू."

"का?"

"घ्या तर खरं."

फडक्याखाली, काट्याच्या डाव्या अंगाला, एक नवंकोरं पिवळं लेबल चिकटवलेलं होतं. 'काटा तपासला.' खाली तारीख. गुरुवारची.

"काटा बिघडला होता?" काटेबाईंनी विचारलं.

"नाही. म्हणजे, हो. म्हणजे असंच, वर्षाचं तपासून घेतलं."

"वर्षाचं तपासणं तुम्ही मार्चात करता, शेठ. दर वर्षी माझाही काटा तुमच्याचबरोबर जातो."

पुसणीशेठांच्या कपाळावर घाम आला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना तो पुसायचं सुचलं नाही. "बाई, मला काही विचारू नका," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. कडी लागल्याचा आवाज आला.

"झालं!" धाकटी म्हणाली. "चोराच्या मनात चांदणं. लिहून टाका ती ओळ."

घड्याळात एक वाजला होता.

४

काटेबाईंनी ओळ लिहिली नाही. त्या आधी ताईंकडे गेल्या.

ताई म्हणजे गेलेल्या चित्रकला मास्तरांची बहीण. मास्तरांनी आयुष्यभर पगारातून पैसे वाचवून संच जमवले, एकही उघडला नाही, आणि एका सकाळी फळ्यावर आंबा काढता काढता गेले. चाळीस खोकी ताईंच्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन पडली. त्याच खोलीत ताईंचं शिवणयंत्र, त्याच खोलीत झोपणं, त्याच खोलीत गिऱ्हाइकांची मापं घेणं. खोकी विकून रस्त्यावरचा एक गाळा घ्यायचा, बाहेर पाटी लावायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. गाळेवाल्याला येत्या सोमवारी हो म्हणायचं होतं.

"वाळू?" ताईंनी मशीनवरचा पाय काढला. "दादाच्या खोक्यात वाळू?"

"डॉक्टर पाच वाजता सगळ्यांना सांगणार आहेत."

"मग बाकीची कोण घेणार?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं. एका खोक्यात वाळू निघाली की एकोणचाळीस खोकी म्हणजे एकोणचाळीस उशा.

ताई उठल्या. रडतील असं वाटलं, पण त्या चिडल्या होत्या. "तुम्हाला पण वाटतं का मी भरली म्हणून?"

"मला काय वाटतं त्यानं काही होत नाही, ताई. मला गेल्या सोमवारी काय काय झालं ते आठवायचंय. मी आले, मग?"

"तुम्ही एकट्याच आलात. ह्या नव्हत्या." ताईंनी धाकटीकडे बोट केलं.

"मी तापानं फणफणले होते," धाकटी म्हणाली. "एकशे तीन. कपाळावर पापड भाजून निघाला असता."

"तुम्ही चाळीस खोकी एका दिवसात केलीत. मी एक एक काढून देत होते. दीपगृह सगळ्यात शेवटी. तेव्हा मला जरा भरून आलं, कारण दादाचं सगळ्यात लाडकं तेच. तुम्ही म्हणालात, राहू दे ताई, बसा तुम्ही, मी बघते. वजन केलंत, चिठ्ठी बांधलीत आणि मला चहा करून दिलात."

"मंगळवारी शेठ आले तेव्हा?"

"खोकं घेऊन गेले. कव्हर इथंच ठेवलं."

"कुठलं कव्हर?"

ताईंनी भिंतीकडे हात केला. खोकी रचलेली होती, आणि प्रत्येक खोक्यावर जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर होतं, मास्तरांनी स्वतः कापून, कडा चिकटवून केलेलं, खोक्याला अगदी कातडीसारखं बसणारं. सगळ्यात वर एक कव्हर रिकामं पडलं होतं.

"शेठना चिठ्ठीची सुतळी सोडून ओढून काढावं लागलं, इतकं घट्ट. मी म्हटलं, कव्हर दादाच्या हातचं आहे, ते मी देणार नाही."

काटेबाई त्या रिकाम्या कव्हराकडे बघत राहिल्या. इतका वेळ बघत राहिल्या की धाकटीनं त्यांच्या खांद्याला हात लावला.

"जाऊबाई?"

"अगं," काटेबाई म्हणाल्या. "कव्हर काढायचं काम तुझं."

"हो, मग?"

"सोमवारी तू नव्हतीस. बाकीची मी काढली असतील. पण हे घट्ट होतं. ताई रडत होत्या. मी खोकं तसंच काट्यावर ठेवलं." त्या मटकन खुर्चीत बसल्या. "चिठ्ठी चुकलीय. माझी चिठ्ठी चुकलीय गं."

५

रिकामं कव्हर धाकटीच्या काट्यावर ठेवलं. चौसष्ट ग्रॅम.

"म्हणजे खोकं खरं तर किती?" धाकटीनं बोटं मोजायला घेतली.

काटेबाईंना बोटं लागली नाहीत. "दोन हजार एकशे सेहेचाळीस." त्यांनी वही उघडली. चार वर्षांपूर्वी असंच एक बंद दीपगृह पुसणीशेठांच्या दुकानातून गेलं होतं. वजन, दोन हजार एकशे पंचेचाळीस. एका ग्रॅमचा फरक म्हणजे पुठ्ठ्याला लागलेली हवा. सोमवारी हे वजनाचं पान उघडून बघितलं असतं तर चूक तिथंच पकडली असती. पण सोमवारी चाळीस खोकी होती, पाठ दुखत होती, आणि तेरा वर्षं न चुकलेल्या बाईला ते पान उघडायची गरज वाटली नव्हती.

"तरी बरं, कुणाला माहीत नाही," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "ताईंना ग्रॅमातलं काही कळत नाही. कव्हर इथं ठेवू. तुम्ही ती शेठची ओळ लिहा. मी काही बोलणार नाही. आयुष्यात एकदाच गप्प बसेन, पण बसेन."

काटेबाई चालायला लागल्या. कव्हर त्यांच्या काखेत होतं. भाजीवाल्यांच्या गाड्या, सायकली, शाळा सुटलेली पोरं, सगळ्यांमधून त्या अशा चालल्या की दोनदा हॉर्न वाजले आणि एकदा गाढवानं वाट दिली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. खोकं विनाकव्हराचं डॉक्टरांकडे गेलं. विनाकव्हराचं परत आलं. मग आज दुकानातल्या काट्यावर ते चिठ्ठीबरहुकूम भरलंच कसं?

त्या रस्त्याच्या मधोमध थांबल्या.

"अगं, खोक्याला कुणी हात लावला नसता, तर आज वजन चौसष्ट ग्रॅम कमी यायला हवं होतं."

"बरं."

"ते बरोबर आलं. म्हणजे माझा चुकलेला आकडा बघून कुणीतरी वाळू भरली. चिमटी चिमटीनं, ग्रॅम जुळेपर्यंत. मी चुकले हे ज्याला ठाऊक नव्हतं, अशा माणसानं."

"म्हणजे सोमवारच्या नंतर! ताई सुटल्या!"

"ताईंनी तर मला कव्हरासकट वजन करताना बघितलं होतं. त्या सुटल्या." काटेबाईंचा चेहरा मात्र सैल झाला नाही. "पण शेठ नाही सुटले. ते काट्यावरचं नवं लेबल... शेठनी भरली असेल तर?"

मागून एका रिक्षावाल्यानं ओरडून विचारलं, की बाई, घर इथंच बांधताय का. धाकटीनं त्याला असं उत्तर दिलं की तो रिक्षा उलटी फिरवून गेला. सव्वातीन वाजले होते.

६

पुसणीशेठांच्या आतल्या खोलीचं दार काटेबाईंनी ठोठावलं नाही. त्या दाराला तोंड लावून बोलल्या.

"शेठ, चिठ्ठी चुकलीय. मी कव्हरासकट वजन केलं होतं."

आत काहीतरी पडलं. कडी निघाली. पुसणीशेठ बाहेर आले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चौसष्ट ग्रॅम?" ते म्हणाले.

काटेबाई एक पाऊल मागे सरल्या. हा आकडा त्यांनी अजून सांगितला नव्हता.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मंगळवारी आणलं तसं काट्यावर ठेवलं. चौसष्ट कमी! माझे हातपाय गार. म्हटलं, बाईंची चिठ्ठी तर चुकत नाही, मग काटाच बिघडला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुम्हाला सांगावं तर तुम्ही म्हणाल, शेठनी खोक्यातून काहीतरी काढलं. किल्ली माझ्याच गळ्यात." त्यांनी गल्ल्याखालून एक कागद काढला. "गुरुवारी काटेदुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, काटा ठणठणीत आहे. मी म्हटलं, तसं लिहून दे, आणि हे खोकं ठेवून किती येतं तेही लिहून दे. उद्या माझ्यावर यायला नको."

कागदावर दुरुस्तीवाल्याचं अक्षर होतं. खेळण्याचं खोकं, २१४६. खाली सही आणि वेळ, सकाळचे साडेदहा.

"तुमचा काटा खरं बोलत होता, आणि तुम्ही माझं खरं मानलंत," काटेबाई म्हणाल्या.

"तेरा वर्षं मानतोय, बाई."

ते ऐकून काटेबाईंना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना एखाद्यानं थोबाडीत मारावी तसं वाटलं.

"खोकं मग परत कपाटात गेलं?" त्यांनी विचारलं. सगळं ह्या एका उत्तरावर होतं.

"कुठलं कपाटात! डॉक्टर अकराला येणार होते ते साडेदहालाच हजर. दुरुस्तीवाला काट्याचे स्क्रू लावतच होता. मी घाबरून खोकं काट्यावरून उचललं आणि तसंच डॉक्टरांच्या पिशवीत घातलं. म्हटलं, वजन करा म्हणाले तर काय दाखवू?"

काटेबाईंनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "हो बाई, माझ्या डोळ्यांसमोर दिलं. आणि शेठना सांगा, माझे दीडशे राहिलेत."

७

पाचला दहा कमी असताना डॉक्टर आले. हातात फोन, ग्रुपवर टाकायचा मजकूर टाइप करून तयार. मागोमाग ताईही आल्या, गळ्यात अजून माप घ्यायची टेप. सकाळची दोन्ही गिऱ्हाइकं तर गेलीच नव्हती. असा तमाशा सोडून घरी कोण जातं?

"लिहिलीत ती ओळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"लिहिली." काटेबाईंनी कागद उलगडला. त्यांनी मोठ्यानं वाचलं. "दीपगृहाच्या चिठ्ठीवरचं वजन चूक आहे. ते मी कव्हरासकट केलं. खरं वजन चौसष्ट ग्रॅमनं कमी. चूक माझी."

गिऱ्हाइकांपैकी एकानं 'अरे बापरे' म्हटलं. तेरा वर्षं एका वाक्यात गेली.

"मी तेच म्हणत होतो!" डॉक्टर म्हणाले. "चिठ्ठीच खोटी."

"खोटी नाही, चुकलेली. फरक आहे, आणि तो तुम्हालाच महागात पडणार आहे." काटेबाईंनी कव्हर दुकानाच्या काट्यावर ठेवलं. चौसष्ट. "गुरुवारी साडेदहाला, विनाकव्हर, खोकं ह्याच काट्यावर दोन हजार एकशे सेहेचाळीस भरलं. हा दुरुस्तीवाल्याचा कागद. तिथून ते थेट तुमच्या पिशवीत गेलं, त्याच्या समोर. आणि आज सकाळी, विनाकव्हरच, दोन हजार दोनशे दहा. दोन दिवसांत तुमच्या घरी त्यानं चौसष्ट ग्रॅम बाळसं धरलं. काय खायला घालत होतात?"

डॉक्टरांनी फोन उलटा करून काउंटरवर ठेवला.

"तुम्ही म्हणालात, नेल्या नेल्या वजन केलं आणि बरोब्बर आलं. ते येऊच शकत नव्हतं. तुम्ही नेल्या नेल्या वजन केलंच नाहीत. वाळू भरली तेव्हा केलंत. समोर माझी चिठ्ठी ठेवून आकडा जुळवलात, म्हणजे सगळे म्हणतील की वाळू पहिल्यापासूनच आत होती. माझा आकडा बरोबर असता तर मी मेले होते, डॉक्टर. मी चुकले म्हणून वाचले."

"हे, हे काहीतरी..."

"खोक्याची खालची चिकटपट्टी बघा," धाकटी खोकं उलटं करून म्हणाली. "कापून परत चिकटवलीय. किती नाजूक हात! दाताचं काम करणाऱ्याला हे काय अवघड? कंपनीनं एवढी सफाई दाखवली असती तर संच बंद झाला नसता."

"आतला संच कुठाय?" ताईंनी विचारलं. पहिल्यांदाच बोलल्या, आणि एवढंच बोलल्या.

डॉक्टर स्टुलावर बसले. मऊ आवाज कुठल्या कुठं गेला होता. "घरी. बांधलाय." मग एकदम अगतिक होऊन म्हणाले, "जिना पूर्ण झालाय. फक्त वरचा दिवा राहिलाय. मला तो संच पण हवा होता आणि पैसे पण. मोजताना जीवच होईना."

"मग आता संच तुमचा, आणि पैसे ताईंचे," काटेबाई म्हणाल्या. "बंद खोक्याचा भाव दिलात, उघडलंत तुम्ही. आज विकायला काढलात तर पंचेचाळीस येतील. सत्तावीस हजारांची वाळू विकत घेतलीत असं समजा. आणि तुमच्या त्या फोनमधला मजकूर खोडा. ग्रुपवर मी लिहिलेलं तेवढं जाईल, माझ्या चुकीसकट. पुढचं तुम्ही तुमच्या तोंडानं लिहायचं."

डॉक्टरांनी लिहिलं. कानाला धरून लिहून घेतल्यासारखं, पण लिहिलं.

८

गिऱ्हाइकं गेली, डॉक्टर त्यांच्याही आधी गेले. पुसणीशेठ कधी नव्हे ते फडकं ठेवून चहा सांगायला बाहेर पडले. काटेबाई फोन हातात धरून बसल्या होत्या. आठशे माणसं त्यांची चूक वाचत होती. एकाचंही उत्तर येत नव्हतं.

"ताई," त्या म्हणाल्या, "सोमवारी गाळेवाल्याला हो म्हणा. खोक्यांत वाळू नाही हे आता सगळ्यांना कळेल."

"वाळू नाही. पण चिठ्ठ्या?"

काटेबाईंनी मान खाली घातली. हा प्रश्न येणार हे त्यांना दुपारपासून माहीत होतं. "त्या एकोणचाळिसांत अजून किती चुकल्यात, मला सांगता येत नाही. गेल्या सोमवारी मी खात्रीनं सांगितलं असतं. आज नाही सांगता येत. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंत तर मला राग नाही."

"दुसरं कोण करतं?"

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला एवढं वेड लागलेलं नाही."

ताईंनी गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. मग उठल्या. "आत्ता चला. उजेड आहे तोवर होतील तेवढी होतील."

खोलीवर गेल्यावर ताईंनी पहिलं खोकं काढलं, एक छोटी आगगाडी. धाकटीनं कव्हर उतरवलं, खोकं पुसलं आणि काट्यावर ठेवलं. काटेबाई सवयीनं चष्मा सरसावून वाकल्या, आणि मधेच सरळ झाल्या. त्या बाजूला सरकल्या आणि काट्यासमोरची जागा त्यांनी मोकळी केली.

"तुम्ही वाचा, ताई."

"मी? मला त्यातलं काय कळतंय!"

"आकडे कळतात ना? मोठ्यानं वाचा. मी लिहिते. मग ही वाचेल, आणि तिघींचं जुळलं तरच चिठ्ठी बांधायची."

ताई गुडघ्यांवर बसल्या आणि डोळे बारीक करून काट्यावर वाकल्या.

"एक हजार... तीनशे... अठरा. नाही, सतरा. थांबा, अजून हलतोय."

"हलू दे," काटेबाई पेन धरून म्हणाल्या. "घाई नाही. थांबला की सांगा."